फिनलंडमधली नर्स भेटते ती आजारी नसताना

फिनलंडला राहतो म्हटलं की लोक थंडीबद्दल विचारतात, अंधाराबद्दल विचारतात. शाळेतल्या नर्सबद्दल कुणीच विचारत नाही. मला मात्र इथली सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच आहे.

इथे पहिली ते नववी दरवर्षी मुलांची आरोग्य तपासणी होते. नजर, कान, वाकायला सांगून पाठीचा कणा, उंची आणि वजन. उंचीचा नुसता आकडा फारसं काही सांगत नाही. शाळेआधीच्या नोंदी 'नेउवोला' या माता-बाल केंद्रातून आलेल्या असतात (ही केंद्रं 1944 च्या कायद्याने देशभर झाली), त्यामुळे नर्ससमोर जन्मापासूनचा आलेख असतो. रेष अचानक खाली वळली की मूल ठणठणीत दिसत असलं तरी ती डॉक्टरांकडे पाठवते.

पहिली, पाचवी आणि आठवीत तपासणी मोठी असते. डॉक्टर असतात, आईवडिलांनाही बोलावतात. लेकीच्या पाचवीच्या वेळी आधी घरी प्रश्नावली आली: झोप किती, जेवणं एकत्र होतात का, घरात ताण आहे का, तुम्ही दारू किती पिता. नवऱ्याच्या कपाळावर आठ्या. "तपासणी तिची आहे की आपली?" माझ्या मते दोघांची, आणि तेच योग्य आहे. नंतर नर्स लेकीशी एकटीशी बोलली. काय बोलली ते मला पूर्ण कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूची) लसही शाळेतच फुकट मिळते; मुलींना 2013 पासून, मुलग्यांना 2020 पासून.

मोठ्यांसाठी ऑफिसची नर्स. एकच कर्मचारी असला तरी मालकाला प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेची सोय करावीच लागते. हा कायदा 1978 चा, 2001 मध्ये नव्याने लिहिलेला. मालकाच्या खर्चाचा काही भाग 'केला' ही सामाजिक विमा संस्था परत देते. नर्स कामाची जागाही पाहायला येते: खुर्ची, उजेड, आवाज, कामाचा ताण. माझ्या पहिल्या भेटीत रक्तदाब शेवटी घेतला, आधी बराच वेळ झोपेबद्दल आणि खांद्यांबद्दल गप्पा. अशा तपासणीतून साहेबांना कळतं ते इतकंच, की हा माणूस कामाला योग्य आहे की नाही, की काही मर्यादा पाळून. निदान कळत नाही. ही भिंत नसती तर कुणी खरं बोललं असतं का?

सगळं गोडगोड नाही. लहान शाळांत नर्स रोज नसते, आठवड्यातले काही दिवसच येते. आणि बऱ्याच कंपन्या नर्सबरोबर डॉक्टरचे उपचारही देतात, त्यामुळे नोकरदाराला लवकर वेळ मिळते, तर बेकार आणि निवृत्त लोक सरकारी आरोग्य केंद्रात ताटकळतात. इथे यावर सतत वाद चालतो. मला विचाराल तर शाळेतली व्यवस्था ऑफिसातल्या व्यवस्थेपेक्षा न्याय्य आहे, कारण तिथे बाप काय काम करतो हे कुणी पाहत नाही.