पुढचा प्रोजेक्ट कोणता, आणि तो मरणार कुठे

दिवसभर ऑफिसात मोबाईल गेमचं काम, ते पण गेमचं कमी आणि दुकानाचं जास्त, म्हणजे लेव्हल संपली की ऑफर दिसलीच पाहिजे आणि तो पॉपअप दोनदा येतोय तो एकदाच आण, असलं. मग रात्री स्वतःचं काहीतरी करावंसं वाटतंच. मागचा प्रोजेक्ट गेल्या महिन्यात सोडला (सोडला म्हणजे काय, तीन महिने उघडलाच नव्हता) आणि तेव्हापासून पुढे काय हेच डोक्यात घोळतंय.

यावेळी आधी जुने फोल्डर उघडून बघितले. सात निघाले. त्यातले पाच अगदी एकाच जागी मेलेत. हिरो पळतो, उडी मारतो, कॅमेरा एकदम लोण्यासारखा, पण मेनू नाही, सेव्ह नाही, दुसरी लेव्हल नाही. म्हणजे मला कोडचा कंटाळा येत नाही, माल भरायचा येतो. त्यामुळे आता कुठला गेम भारी वाटतो हे बघायचंच नाही असं ठरवलं, हा कुठे मरेल तेवढंच बघायचं.

पहिला नंबर अर्थातच स्वतःच्या इंजिनाचा, म्हणजे गेम ज्याच्यावर चालतो तो तयार सांगाडा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनिटी या इंजिनवाल्या कंपनीने रनटाइम फी (गेम जितक्यांदा इन्स्टॉल होईल त्यावर पैसे) जाहीर केली तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी शपथ घेतली होती की आता आपलं इंजिन आपणच लिहायचं. वर्षभराने ती फी मागे घेतली गेली, शपथा तशाच राहिल्या. वल्कनमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलायच्या भाषेत, नुसता एक त्रिकोण पडद्यावर आणायला हजाराच्या आसपास ओळी लागतात, आणि गोडो नावाचं तयार इंजिन फुकट पडलंय तिकडे. इंजिन मरत पण नाही खरं तर, ते नुसतं चालू असतं, वर्षानुवर्षं. कटाप.

दुसरा जीव की प्राण, ऑनलाइन कबड्डी, रोलबॅकवाली. समोरच्याचं बटण नेटवरून उशिरा पोचतं, तोवर गेम थांबवायचा नाही, तो मगाचंच बटण दाबून आहे असं धरून पुढे जायचं, आणि खरं बटण आलं आणि अंदाज चुकला असला की त्या फ्रेमला परत जाऊन तिथून सगळं पुन्हा चालवायचं. फायटिंग गेमवाल्यांची ही जुनी युक्ती, ती करून देणाऱ्या जीजीपीओ लायब्ररीचा कोड २०१९ पासून ओपन आहे. कबड्डीत तर सगळा खेळच पाय लागला की नाही लागला यावर, आणि चढाई ३० सेकंदांची, म्हणजे मापात बसतं. पण सात जणांनी मिळून केलेली पकड अॅनिमेट कोण करणार? मी? इथे मरणार हे मला आजच दिसतंय.

मग राहिली नवकंकरी, पाटावर कंकऱ्या ठेवून दोघांनी खेळायचा जुना खेळ. ती पण गेम बॉयवर, निन्टेंडोचं हातात धरायचं १९८९ चं मशीन, १६० बाय १४४ पिक्सेलचा पडदा, ८ केबी रॅम, गुणाकाराची इन्स्ट्रक्शनसुद्धा नाही. लेव्हल एकच, ती पण जुन्या देवळांच्या फरशीवर कोरून ठेवलेली आहे, मला काढायची नाही! २४ जागा, प्रत्येकी ९ कंकरी, तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. अशा रेषा १६. एका खेळाडूच्या जागा २४ बिटांत म्हणजे तीन बाइटमध्ये बसतात, दोघांच्या सहा, आणि रेषा झाली का ते नुसत्या अँडने (दोन आकड्यांचे बिट जुळवून बघायची साधी क्रिया) कळतं.

मजा चित्रात आहे. मी आधी हिशोब केला की एक कंकरी म्हणजे १६ बाय १६, उभे दोन स्प्राइट (पडद्यावर सुटी हलवता येणारी छोटी चित्रं), १८ कंकरींचे ३६, मशीनची मर्यादा ४०, बसलं! मग झोपताना आठवलं की एका आडव्या ओळीत दहाच स्प्राइट दिसतात. मधल्या ओळीत सहा जागा, सगळ्या भरल्या की बारा, म्हणजे एक कंकरी गायब. उठून बसलो. आता बसलेल्या कंकरी बॅकग्राउंडच्या टाइल्समध्ये (मागच्या चित्राच्या ठराविक चौकोनांत) आणि हलणारी तेवढी स्प्राइट, असं ठरलंय. असला प्रश्न मला ऑफिसात कधी मिळत नाही.

कॉम्प्युटर खेळाडू जरा अवघड जाईल. १९९३ मध्ये राल्फ गॅसरने हा खेळ पूर्ण सोडवला, दोघं बिनचूक खेळले तर बरोबरी, पण त्याच्या डेटाबेसमध्ये अब्जावधी स्थिती होत्या आणि माझ्याकडे साध्या कार्ट्रिजचे ३२ केबी. दोन-तीन चाली पुढचं बघेल बिचारा. बघू.

शनिवारी पाट पडद्यावर आला, इम्युलेटरमध्येच (कॉम्प्युटरवरचा नकली गेम बॉय), पण आला. कौतुकाने मावशीला दाखवला, ती लहानपणी खडूने आखून खेळायची. तिने चष्मा वर केला आणि विचारलं, "तीन उरल्या की कुठेही उडी मारता येते का रे तुझ्यात? आमच्याकडे यायची."

तिच्या शेजाऱ्यांकडे मात्र ती उडी नाही चालायची म्हणे. म्हणजे नियम निवडायला मेनू आला. मेनू.