हिरवट, छोटा, उडाला

डिसेंबर, रविवार रात्र

थंडीत ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात गेलं की झाडांच्या शेंड्यांमधे सतत काहीतरी हलत असतं आणि ते बहुतेक वेळा वटवट्याच (इंग्रजीत वॉर्बलर) असतं, कुठला वटवट्या हा पुढचा प्रश्न. आठ-नऊ ग्रॅमचा जीव, वरून हिरवट, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई, आणि एका जागी दोन सेकंद थांबेल तर शपथ. नवीन येणारी मंडळी ह्याच्याकडे बघत पण नाहीत, त्यांना स्वर्गीय नर्तक हवा असतो, त्यात त्यांचं काही चुकत नाही म्हणा, लांब पांढरी शेपटी सोडून हे हिरवे ठिपके कोण बघत बसणार. मला मात्र हल्ली ह्यांचंच वेड लागलंय.

आज सोसायटीतले काका बरोबर होते. भेंडीनाल्याच्या बाजूला एका आंब्याखाली ते नुसतेच उभे राहिले, दुर्बीण गळ्यात तशीच. मी म्हटलं काका वर काहीतरी हलतंय, तर म्हणाले, "हलू दे की गं. आधी बोलू दे त्याला." आणि बोलला की तो! चि-वीट. थोडं थांबून परत चि-वीट. ग्रीनिश वॉर्बलर, संपला विषय, मान दुखेपर्यंत वर बघायची गरजच नाही.

ग्रीनिश हिवाळ्यात पण आपापली हद्द धरून राहतात, एकेकाचा ठरलेला झाडांचा पट्टा असतो आणि शेजाऱ्याला दम द्यायला दिवसभर ओरडत असतात, त्यामुळे हा पक्षी दिसायला कितीही अवघड असला तरी ऐकायला एकदम सोपा आहे. उलट फोटोचं बघा. पंखावर एक बारीक फिकट पट्टी असते ती हंगाम सरत आला की झिजते, कधीकधी दिसतच नाही. त्यात दाट झाडीत खाली येणारा उजेडच हिरवा, म्हणून पांढरं पोट फोटोत पिवळसर येतं, आणि मग ग्रुपवर रात्री अकरापर्यंत वाद, हा ग्रीनिश का वेस्टर्न क्राउन्ड वॉर्बलर. वेस्टर्न क्राउन्डला डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा असतो आणि पंखावर बऱ्याचदा दोन पट्ट्या, पण खालून काढलेल्या फोटोत डोक्याचा वरचा भाग दिसणार कुठून? सहाशे एमएमची लेन्स घेऊन पोटाचे फोटो काढतात लोकं, मला खरंच कळत नाही.

आवाज नसेल तर तो काय करतोय ते बघायचं. खाली घाणेरीच्या जाळीतून 'टक्... टक्' असं जीभ टाळ्याला लावल्यासारखं येत असेल तर तो ब्लाइथ्स रीड वॉर्बलर, तपकिरी, आणि तो जाळीच्या बाहेर यायचं नावच घेत नाही. दगडांवर नाहीतर खोडावर सरपटल्यासारखा फिरणारा, पोट पिवळं आणि पंखावर एकही पट्टी नाही, तो सल्फर-बेलीड. म्हणजे रंग बघायच्या आधीच शेंडा, जाळी, दगड एवढ्यावर अर्धं काम होऊन जातं.

आणि हे आवाजाचं खूळ आपलंच नाहीये, पक्षी स्वतः पण एकमेकांना असेच ओळखतात. ग्रीनिशची गोष्ट तर भारीच आहे. तिबेटच्या पठाराभोवती, म्हणजे हिमालयापासून पश्चिमेकडून वर आणि पूर्वेकडून वर, ह्याच्या जमातीची एक साखळीच आहे. शेजारच्या शेजारी गाणं थोडं थोडं बदलत जातं, आणि दोन्ही टोकं वर सायबेरियात भेटतात तेव्हा गाणी इतकी वेगळी झालेली असतात की ते एकमेकांना आपलं मानतच नाहीत, जोड्या जमत नाहीत. दिसायला मात्र आपल्याला दोन्ही हिरवटच! इंग्लंडमधे अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने असेच तीन वटवटे वेगळे केले होते, ते पण आधी गाण्यावरून.

एक गोची आहे फक्त. येऊरला भृंगराज भरपूर आणि तो नंबर एक नकल्या. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप चालू ठेवलं होतं तर भराभर नावं यायला लागली, शिक्रा, आयोरा, अजून काय काय, माझ्या शेजारचा मुलगा खूश, यादी वाढतेय म्हणून. काकांनी नुसतं बोट वर केलं, फांदीवर एकटा भृंगराज बसलेला, शेपटीची दोन पिसं लोंबकळत, आणि सगळा कार्यक्रम त्याचाच. त्यामुळे ॲपने नाव दिलं की आवाज कुठून येतोय तिकडे एकदा बघायचंच, नाहीतर यादीत नुसता कचरा.

सोमवार

भरती सकाळचीच होती म्हणून हाफ डे टाकून नेरूळला टी. एस. चाणक्य ह्या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागे गेले. खाडीचं पाणी चढलं की चिखल बुडतो आणि सगळे पाणपक्षी आत, जवळ येऊन बसतात, ओहोटीला गेलं तर नुसते लांबचे ठिपके.

इथे कालची विद्या कामाला येत नाही. सँड प्लोव्हरचा, म्हणजे चिखलात चरणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांचा थवा, गपचूप, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. पूर्वी ह्यांच्यात लेसर आणि ग्रेटर एवढ्याच जाती धरायचे, आता लेसरचे पण दोन केलेत, तिबेटन आणि सायबेरियन, आपल्या किनाऱ्यावर येतात ते तिबेटन. ग्रेटरची चोच लांब आणि दणकट, चोचीची लांबी चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त भरते, पाय पण लांब आणि फिकट हिरवट. वाचायला एकदम सोपं, पण चिखल लागलेल्या पायाचा रंग काय कप्पाळ कळणार, आणि निम्मे एका पायावर झोपलेले, चोच पिसांत. तीन-चार जागे होते, बारक्या चोचीचे, ते तिबेटन लिहिले. बाकीचे ई-बर्ड ह्या पक्षीनोंदींच्या साइटवर सरळ 'तिबेटन किंवा ग्रेटर' ह्या पर्यायात टाकले, तसा पर्याय दिलेलाच आहे, लोकं वापरत नाहीत कारण त्याने आपल्या यादीतला आकडा वाढत नाही.

काकांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "बरं केलंस. आता अमावास्येच्या भरतीला जाऊ, पाणी अजून वर येईल, माझा स्कोप आणतो." ट्रायपॉडचा एक पाय ढिला आहे त्यांचा, तो आधी नीट करून घ्यायला हवा.