इनबोर्ड बोटीची थरथर: नट हलवण्याआधी ठोके मोजा

इनबोर्ड, म्हणजे इंजिन आत बसवलेली, बोट थरथरू लागली की बहुतेकांचा पहिला पाना इंजिनाच्या माउंटवर, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी पायांवर पडतो. नट सैल करायचे, इंजिन थोडं उचलायचं, थोडं सरकवायचं, पुन्हा आवळायचं. थरथर जिथल्या तिथे राहते आणि बरोबर असलेलं अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत असणं) मात्र बिघडतं. मग मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता, हे वेगळं करायलाच दोन दिवस जातात. म्हणून माझा आग्रह असा: थरथर कोणाच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे हे कळेपर्यंत एकही नट हलवू नका.

इंजिन, शाफ्ट आणि पंखा (प्रोपेलर) एकाच रांगेत असले तरी तिघांचे ठोके वेगळे पडतात. समजा इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर चालतंय आणि गिअरबॉक्स २:१ आहे. इंजिन सेकंदाला ४० फेरे घेतं, शाफ्ट २०. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे ज्वलनाचे ठोके सेकंदाला ८०. पंख्याला तीन पाती असतील तर पात्यांचे ठोके ६०. वाकलेला शाफ्ट, तोल गेलेला पंखा, कपलिंगचा (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या भागाचा) तिरका पृष्ठभाग हे सगळे २० च्या ठोक्यावर सापडतात. पातं तळाच्या फार जवळून जात असेल तर ठोका ६० वर येतो. २० च्या आसपासची थरथर पायाला कळते, बाटलीतल्या पाण्यावर दिसते. ६०-८० ची थरथर थरथर वाटतच नाही, तळ घोंगावल्यासारखा वाटतो.

एक सापळा लक्षात ठेवा. याच इंजिनाला चार पात्यांचा पंखा असेल तर पात्यांचे ठोकेही ८० होतात आणि ज्वलनाच्या ठोक्यांत मिसळून जातात. तिथे नुसत्या आकड्यावर विसंबून चालत नाही, न्यूट्रलमधली चाचणी करावीच लागते.

मोजायला फोनमधलं कंप मोजणारं ॲप सुरुवातीला पुरतं. फक्त फोनचा सेन्सर सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० ठोक्यांच्या वरचं त्याचं काही खरं मानू नका. डॅशबोर्डवरच्या टॅकोमीटरवरही डोळे झाकून भरवसा नको. शाफ्टवर चकाकत्या पट्टीचा तुकडा चिकटवून हातातल्या ऑप्टिकल टॅकोने शाफ्टचे फेरे थेट मोजणं उत्तम.

आता चाचण्या. पहिली न्यूट्रलमध्ये: फेरे हळूहळू वाढवत न्या आणि कुठे थरथर वाढते, कुठे विरते ते लिहून ठेवा. दुसरी धक्क्याला जाड दोरांनी चहूबाजूंनी बांधून, गिअर टाकून, पुढे आणि मागे. आयडलच्या, म्हणजे इंजिनाच्या किमान फेऱ्यांच्या, थोडंच वर. बांधलेल्या बोटीत पंख्याला पाणी नीट मिळत नाही, त्यामुळे इथली थोडी थरथर दोष धरू नये. तिसरी मोकळ्या पाण्यात: दर २०० फेऱ्यांना नोंद, सरळ चालताना आणि वळताना. दोन इंजिनांची बोट असेल तर एकेक इंजिन वेगळं चालवून पाहा. दोन्ही चालू असताना आवाज लाटेसारखा चढत-उतरत असेल तर बऱ्याचदा दोन इंजिनांच्या फेऱ्यांत थोडा फरक असतो, बिघाड काही नसतो.

न्यूट्रलमध्येही थरथर असेल तर दोष इंजिनात, माउंटमध्ये किंवा डँपर प्लेटमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्समधली, झटके झेलणारी स्प्रिंगांची चकती). आयडलवर गिअरबॉक्सकडून खडखड येते आणि फेरे शंभर-दोनशेने वाढवले की जाते, ही डँपर प्लेटच्या थकलेल्या स्प्रिंगांची खूण. आधी आयडलचे फेरेच ठरल्यापेक्षा कमी नाहीत ना ते बघा, कारण तो दोष फुकटात जातो. इंजिन एका लयीत डुचमळत असेल तर एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल. जुन्या पद्धतीच्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनात एकेका इंजेक्टरचा नट थोडा सैल करून बघतात: ज्या सिलिंडरने काही फरक पडत नाही, तोच आळशी. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, हे कधीही करू नका. तिथल्या दाबाने डिझेलची बारीक धार कातडीत घुसते आणि ती जखम फार वाईट असते.

थरथर एकाच अरुंद पट्ट्यात येत असेल, समजा ९०० ते १०५० मध्ये, आणि वर-खाली नसेल, तर तो अनुनाद असतो, म्हणजे ठोक्यांची लय आणि इंजिनाची माउंटवरची स्वतःची लय जुळते. बहुधा माउंटचं रबर मऊ पडलेलं असतं किंवा एखादं माउंट भारच घेत नसतं. उलट फेरे वाढतील तशी थरथर सतत आणि झपाट्याने वाढत असेल तर तोल बिघडलाय. त्याचा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. मध्यापासून २०० मिमीवर १० ग्रॅमचा फरक असेल तर शाफ्टच्या १५०० फेऱ्यांना तो सुमारे ५ किलो वजनाइतका ओढतो, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला २५ वेळा पूर्ण फिरते. ७५० फेऱ्यांना हीच ओढ चौथ्या हिश्श्यावर येते. एका पात्यावर चिकटलेल्या चार शिंपल्यांनी एवढा फरक सहज पडतो.

म्हणून गिअर टाकल्यावरच थरथर येत असेल तर शोध बाहेरून आत करायचा: पंखा, शाफ्ट, बेअरिंग, कपलिंग, आणि अलाइनमेंट शेवटी. थरथर अचानक सुरू झाली असेल तर पंख्यात दोरी, जाळं किंवा प्लास्टिक अडकलंय का ते आधी बघा. खाली उतरण्याआधी आणि शाफ्टला हात लावण्याआधी इंजिन बंद आणि किल्ली खिशात, याला अपवाद नाही.

बोट वर काढल्यावर पंख्याजवळ एक स्थिर खूण उभी करा. सुकाणूला क्लॅम्पने बांधलेली तारही चालते. पंखा हाताने फिरवत प्रत्येक पात्याचं टोक त्या खुणेजवळून न्या. टोकांत २-३ मिमीचा फरक डोळ्याला लगेच दिसतो. पण टोकं सारखी आहेत म्हणजे पंखा चांगला, असं नाही. पात्यांचा पिच (एका फेऱ्यात पातं जेवढं पुढे सरकेल ते अंतर) वेगवेगळा असेल तर तोल अचूक असूनही पंखा भाराखाली हादरे देतो, कारण एक पातं बाकीच्यांपेक्षा जास्त ढकलतं. हा दोष नुसत्या बॅलन्सिंगने जात नाही. पंखा दुरुस्तीला देताना "पिच प्रत्येक पात्याचा, वेगवेगळ्या त्रिज्यांवर मोजून द्या" असं स्पष्ट सांगा आणि आधीचे-नंतरचे आकडे कागदावर मागा. घडीच्या पंख्याची सगळी पाती सारख्याच सैलपणे उघडतात का, तेही पाहायला हवं.

पंखा बसवण्यातली एक चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण नवा, उत्तम पंखाही तिच्यामुळे थरथरतो. शाफ्टच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर, पंखा घट्ट बसायला हवा; चावीचं (खाचेत बसणाऱ्या धातूच्या पट्टीचं) काम त्याला जागेवर धरण्यापुरतं. चावी एका केसाने जरी उंच असली तरी पंखा टेपरवर चढण्याऐवजी चावीवर चढतो आणि एका बाजूला कलतो. ओळखणं सोपं आहे. चावी न घालता पंखा हाताने टेपरवर दाबून बसवा आणि हबच्या (पंख्याच्या मधल्या भागाच्या) पुढच्या कडेला शाफ्टवर पेन्सिलीने रेघ मारा. मग चावी घालून बसवा. हब रेघेपर्यंत पोचलं नाही तर चावी उंच आहे किंवा खाचेत पुढे सरकलीय. तिचा माथा घासून थोडी मोकळी जागा ठेवा. टेपरला निळा मार्किंग रंग पातळ लावून पंखा दाबला की कुठे टेकतो तेही दिसतं. रंग सगळीकडे, निदान मोठ्या टोकाकडे तरी पूर्ण गोल उमटला पाहिजे. तुटक ठिपके उमटले तर ग्राइंडिंग पेस्टने हब आणि टेपर एकमेकांवर घासून बसवावे लागतात, अर्थात चावी काढून. नटांचा क्रम: पातळ नट आधी, हबला लागून, जाड नट त्याच्यावर. उलटं दिसतं खरं, पण वरचा नट आवळला की भार त्याच्याच आट्यांवर येतो, म्हणून जाड नट वर हवा. शेवटी कॉटर पिन, नवी.

पंख्यानंतर बेअरिंग. पंख्याजवळ शाफ्ट धरून वर-खाली, डावी-उजवी हलवा. २५ मिमीच्या शाफ्टला १ मिमीच्या आसपास खेळ जाणवला तर कटलेस बेअरिंग, म्हणजे पंख्याजवळचं रबरी बेअरिंग, बदलायचं. पण ते ठोकून काढण्याआधी त्याची झीज वाचा. चहूबाजूंनी सारखी झीज म्हणजे वय आणि वाळू. पुढच्या टोकाला खाली आणि मागच्या टोकाला वर झीज, किंवा याच्या उलट, म्हणजे शाफ्ट बेअरिंगमध्ये तिरका चाललाय. नवं बेअरिंगही तसंच झिजेल. हे बेअरिंग पाण्यावर चालतं, म्हणून बोट वर असताना शाफ्ट इंजिनाने फिरवायचा नाही. कोरडं रबर पाहता पाहता जळतं. त्याच वेळी स्ट्रटला (तळाखाली शाफ्टला धरणाऱ्या पायाला) हाताने जोरात हलवा. त्याच्या बुडाशी रंगाला बारीक भेग दिसली तर आतले बोल्ट सैल आहेत.

शाफ्टचा सरळपणा बोटीत असतानाच तपासता येतो. डायल गेजचा (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचा) पाय लाकडी पट्टीला क्लॅम्प करा, कारण चुंबकी बूड स्टेनलेस किंवा ब्राँझवर टिकत नाही. दोन बेअरिंगांच्या मधोमध गेज लावून शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. काटा जेवढा हलतो त्याच्या निम्मा बाक असतो. काटा ०.०५ मिमीत राहिला तर मी शाफ्टला हात लावत नाही; ०.१५ च्या पुढे गेला तर शाफ्ट बाहेर काढून वर्कशॉपमध्ये सरळ करून घ्यायचा. बेअरिंगांमधलं अंतर शाफ्टच्या व्यासाच्या २० ते ४० पट असावं असा ढोबळ नियम आहे. ४० पटीच्या पुढे शाफ्ट दोरीउडीच्या दोरीसारखा फुगतो आणि कितीही सरळ असला तरी ठरावीक फेऱ्यांना थरथरतोच.

एवढं स्वच्छ निघालं की मग अलाइनमेंट. ते पाण्यातच करायचं. वर उचललेल्या बोटीचा आकार वेगळा असतो, म्हणून बोट उतरवल्यावर निदान एक दिवस थांबा, इंधन आणि पाण्याच्या टाक्या नेहमीइतक्या भरा. कपलिंगचे बोल्ट काढले की शाफ्ट स्वतःच्या वजनाने लोंबतो, आणि तसाच मोजला तर सगळे आकडे खोटे येतात. त्याला वर धरायचं: मोकळ्या भागाच्या वजनाचा निम्मा अधिक कपलिंगचं पूर्ण वजन. ३० मिमीच्या स्टील शाफ्टचं वजन मीटरला साधारण ५.६ किलो. १.२ मीटर मोकळा असेल आणि कपलिंग ३ किलोचं असेल तर ६.३ किलोच्या आसपास. स्प्रिंगच्या काट्याने तेवढं ओढून कपलिंग दोरीने बांधा.

दोन्ही फ्लँज, म्हणजे कपलिंगच्या दोन चकत्या, एकमेकांना टेकवा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा. मग गिअरबॉक्सची फ्लँज स्थिर ठेवून शाफ्ट १८० अंश फिरवा आणि पुन्हा मोजा. मोठी फट शाफ्टबरोबर फिरली तर दोष शाफ्टच्या फ्लँजचा किंवा शाफ्टच्या बाकाचा. इंजिन कितीही हलवलं तरी तो जाणार नाही. फट जागेवर राहिली तरच इंजिन तिरकं आहे. ही चाचणी गाळून केलेल्या अलाइनमेंटला मी अलाइनमेंट म्हणत नाही.

मर्यादा फ्लँजच्या व्यासाच्या हजाराव्या भागाची: १०० मिमी फ्लँजला ०.१ मिमी. दिशेचा नियम एकच: फट ज्या बाजूला जास्त, इंजिनाचं पुढचं टोक त्याच बाजूला न्यायचं. खाली जास्त असेल तर पुढचं टोक खाली, वर असेल तर वर, उजवीकडे असेल तर उजवीकडे. किती? फटीतल्या फरकाला पुढच्या-मागच्या माउंटमधल्या अंतराने गुणा आणि फ्लँजच्या व्यासाने भागा. फरक ०.४ मिमी, अंतर ६०० मिमी, फ्लँज १०० मिमी, तर पुढचे माउंट २.४ मिमी हलवायचे. माउंटच्या स्टडच्या दोन आट्यांमधलं अंतर २ मिमी असेल तर साधारण सव्वा फेरा. पुढचं टोक हललं की मागची फ्लँजही थोडी सरकते, म्हणून पुन्हा मोजा. तीन-चार आवर्तनं लागतात, घाई करू नका. डाव्या-उजव्या माउंटवर भार सारखा आहे ना, हेही याच वेळी पाहायचं. तेलाने फुगलेलं किंवा धातूपासून सुटलेलं रबर दिसलं तर चारही माउंट एकदम बदला.

लवचीक कपलिंग बसवलं की अलाइनमेंटची गरज नाही, असं सांगणारे भेटतात. ते ऐकू नका. असं कपलिंग आधी काढून, फ्लँजला फ्लँज लावून मोजायचं आणि मगच ते परत बसवायचं.

सगळं ठीक करूनही पात्यांच्याच ठोक्यावर घोंगावणं उरलं तर पात्याचं टोक आणि तळ यांतली जागा मोजा. व्यासाच्या १५ टक्के हवी, म्हणजे ४५० मिमीच्या पंख्याला ६७ मिमी. ती कमी असेल तर व्यास थोडा कमी करून पिच वाढवणं किंवा पाती वाढवणं, एवढेच उपाय. पंख्याच्या अगदी पुढे जाड झिंक अॅनोड (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) बसवलेला असेल तर तो हलवा. त्याच्यामागचं घुसळलेलं पाणी पात्यांवर आदळतं.

नवी माउंट पहिल्या ५० तासांत थोडी बसतात. तेव्हा तेवढे तास झाल्यावर कपलिंग सोडून फट पुन्हा मोजा, माउंटचे लॉक नट तपासा, आणि तिसऱ्या चाचणीच्या नोंदी त्याच फेऱ्यांवर पुन्हा घेऊन जुन्या नोंदींशेजारी लिहा.