64 बाय 89 मिलिमीटरमधला कशेळीचा हत्ती

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच आहे, तर आमच्या मंडळीत ज्या चित्रकार्डांची देवघेव चालते ते कार्ड 64 बाय 89 मिलिमीटरचे असते. रत्नागिरीकडे जाणाऱ्या गाडीत वहीत आकडेमोड करताना माझ्या लक्षात आले की हा हत्ती बरोबर दोनशेपट लहान केला तर तो 90 बाय 65 मिलिमीटरचा होतो, म्हणजे आडवे धरलेले कार्ड दोन्ही बाजूंनी जेमतेम एकेक मिलिमीटर अपुरे पडते. त्यानंतर खिडकीबाहेरचे काही मी पाहिले नाही. पनवेल ते रत्नागिरी हा एरवी मला अतिशय प्रिय असलेला प्रवास त्या एका गणितात संपून गेला.

या कार्डांविषयी थोडे सांगायला हवे. 1997 मध्ये झुरिक शहरात एम. वान्ची श्टिर्नेमान या स्विस कलावंताने स्वतः तयार केलेली 1,200 छोटी कार्डे प्रदर्शनात मांडली आणि ज्यांना ती हवी असतील त्यांनी त्याच मापाचे स्वतःचे कार्ड करून आणावे व बदल्यात घ्यावे, असे सुचवले. त्यातूनच ही प्रथा देशोदेशी पसरली. माप ठरलेले असते, कार्ड हाताने केलेले असावे लागते, मागच्या बाजूला करणाऱ्याचे नाव, शीर्षक आणि तारीख लिहिलेली असते, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ते विकायचे नसते. हा शेवटचा नियम मला मनापासून पटतो, कारण किंमत आली की माणूस चित्राऐवजी किमतीकडे पाहू लागतो. आमच्या छोट्या गटाने या वेळी प्राचीन पुरातत्त्वीय स्थळे हा विषय घेतला होता आणि देवघेव घरी न करता एखाद्या स्थळाजवळ जाऊन करायची असे ठरवले होते.

स्थळ म्हणून कोकणातली कातळशिल्पे निवडली याचा मला आनंद आहे. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगावचे सडे पायी तुडवून, गुराख्यांना आणि वयस्कर माणसांना विचारत ती उजेडात आणली नसती, तर आमच्यापैकी कोणालाच तिथे जाण्याचे कारण नव्हते. 2022 मध्ये उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसायमळ अशी नऊ ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. शिल्पांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत झालेले नाही, मात्र काही जण ती मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेती सुरू होण्याआधीच्या दगडी हत्यारांच्या काळापर्यंत, मागे नेतात.

कशेळीला आम्ही सकाळी लवकर पोहोचलो, आणि जाणाऱ्यांनी तसेच पोहोचावे, कारण ऊन तिरपे असेपर्यंतच रेघांत सावली भरते. दुपारी तोच कातळ सपाट आणि कोरा दिसतो. पण खरी अडचण उन्हाची नाही. हत्तीजवळ उभे राहिले की हत्ती दिसतच नाही. पायाशी एक लांब वक्र रेघ असते, थोड्या अंतरावर दुसरी, आणि मध्ये माशांपासून चारपायी जनावरांपर्यंत अनेक प्राण्यांची गर्दी. त्या भल्या मोठ्या देहाच्या आतला कातळ असा प्राण्यांनी भरलेला आहे. कडेकडेने चालत संपूर्ण फेरी मारली, सोंड कुठे वळली आणि पाठ कुठे उतरली हे वहीत टिपत गेले, तेव्हा कुठे कागदावर हत्ती उमटला. सडा सपाट आहे आणि वर चढून खाली पाहावे अशी टेकडी लगत नाही. ज्यांनी हे कोरले त्यांनाही आपला हत्ती एका नजरेत कधी दिसला नसणार, तरीही पाय, पाठ आणि सोंड यांचे प्रमाण कुठे ढळलेले नाही. म्हणजे रेघ कातळावर पडण्यापूर्वी कोणाच्या तरी मनात तो सबंध हत्ती असणार, एका दृष्टिक्षेपात मावेल एवढा लहान. मी माझे कोरे कार्ड हातात धरून त्या कडेला बराच वेळ बसून राहिले. पुरातत्त्वाची कितीतरी स्थळे मी पाहिली आहेत, पण ते करणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चालले असेल याच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते.

काढायला घेतले तेव्हा दुसरी गोष्ट कळली. प्रत्यक्षात दोन बोटे रुंद असलेली रेघ दोनशेपट लहान झाली की दोन दशांश मिलिमीटरही उरत नाही. माझ्याकडच्या सर्वांत बारीक पेनाने बाह्यरेषा निघाली, पण आतले प्राणी एकमेकांत मिसळून नुसते ठिपके होऊ लागले. शेवटी पोटातले काही मासे तेवढे घेतले, सोंडेचे टोक कार्डाच्या कडेवर कापले जाऊ दिले आणि कोपऱ्यात आठ मिलिमीटर उंचीचा माणूस उभा केला, कारण त्याच प्रमाणात आपण तेवढेच भरतो.

त्याच सकाळी तिथे आलेल्या एका सहलीने मात्र मनस्ताप दिला. मंडळी बुटांसह थेट हत्तीच्या पोटात जाऊन उभी राहिली आणि त्यांच्यातल्या एकाने छायाचित्र उठून दिसावे म्हणून रेघांत खडूची पूड भरायला सुरुवात केली. आम्ही विनंती केली, तेव्हा पावसात धुऊन जाईल असे उत्तर मिळाले. जांभा सच्छिद्र असतो, त्यात भरलेले सगळेच धुऊन जात नाही, आणि पावलापावलाने कडा झिजतात. आधीच चिरेखाणींसाठी सड्यांचे सडे कापले जात आहेत. जे उरले आहे तिथे निदान चपला काढून, कडेने फिरावे, एवढी अपेक्षा मला मुळीच जास्त वाटत नाही.

रुंढे तळी, देवीहसोळ आणि देवाचे गोठणे ही ठिकाणे पुढच्या दोन दिवसांत पाहिली. देवाचे गोठणे येथे होकायंत्राचा काटा भरकटतो असे ऐकले होते, आणि तो खरोखर भरकटतो.

देवघेव झाली ती आम्ही उतरलो होतो त्या घराच्या ओटीवर. घावने, नारळाचा रस आणि कुळथाची पिठी असा पाहुणचार करणाऱ्या त्या घरापुढे मला कोणतेही हॉटेल नको आहे. कार्डे पाटावर मांडली गेली. भोपाळहून आलेल्या मैत्रिणीने भीमबेटकाच्या गुहाचित्रांतली हरणे गेरूने काढली होती. पुण्याच्या एका मित्राने इनामगावच्या उत्खननातली मातीची पेटी काढली होती, जिच्यात शिर नसलेली देवीची मूर्ती सापडली आणि जिच्यासोबत बैलही होता. माझे दुसरे कार्ड गेंड्याचे होते. आज कोकणात गेंडा नाही, तरी कातळावर तो कोरलेला आहे. त्याच्या बदल्यात मला दायमाबादचा गेंडा मिळाला. प्रवरेकाठी 1974 मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचा बुंधा खणताना रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा अशी चार काशाची शिल्पे सापडली, त्यांतला हा. एक सड्यावरचा, एक नदीकाठच्या काळ्या मातीतला. दोन्ही कार्डे शेजारी ठेवली तेव्हा या प्राण्याला जवळून पाहिलेली माणसे एके काळी महाराष्ट्रात इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी होती का, यावर रात्री उशिरापर्यंत बोलणे चालले.

आमचे यजमान काका हे सगळे खांबाला टेकून पाहत होते. माझा हत्ती उचलून त्यांनी विचारले, "ह्याचे किती द्यायचे?"

"काका, हे विकत द्यायचे नसते. तुम्ही एक काढून द्या, मग हे तुमचे."

"मला कुठे चित्र काढता येते?"

तेव्हा आतून काकू म्हणाल्या, "मग गणपतीच्या मागची भिंत दर वर्षी कोण रंगवते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर काकांनी कार्ड आणून दिले. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा माझ्या कार्डावर ठेवून त्याच मापाचा कापलेला होता आणि त्यावर चुलीतल्या कोळशाने एक आकार काढलेला होता: लांबट अंग, चार पाय, आणि पाठीवरून गेलेल्या तीन समांतर रेघा. मी पाहिलेल्या कोणत्याही शिल्पाशी तो जुळेना. काका म्हणाले की लहानपणी गुरे चारताना वडिलांनी त्यांना तो दाखवला होता, आता त्यावर माती आणि गवत आहे आणि त्यांच्या मुलांनीही तो पाहिलेला नाही. मागच्या बाजूला नाव लिहायला सांगितले, तर त्यांनी नावाऐवजी गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, तिथपर्यंतची पावले लिहिली.

मी हत्ती त्यांना दिला. कोळशाच्या कार्डावर फवारा मारून रेघा पक्क्या केल्या आणि त्याचे छायाचित्र काकांच्या संमतीने कातळशिल्पांची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासकांकडे पाठवले आहे. गवत काढून पाहणी पावसाळ्यानंतरच होऊ शकेल. हे कार्ड पुढे कोणाशीही बदलायचे नाही यावर आमच्या गटात कोणाचे दुमत नव्हते. ते गाव कोणते, हे मी मुद्दामच लिहिलेले नाही, आणि त्या जागेला कुंपण पडेपर्यंत कृपया कोणी विचारू नये.