कलम 17 चा गोलकीपर

निवृत्त फुटबॉलपटू पुढे काय करतात, यावर नजर ठेवायची मला खोड आहे. बहुतेक जण कोच होतात, नाहीतर टीव्हीवर बसून बोलतात. गोलकीपर स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे क्लबसाठी खेळाडू निवडून आणणारा माणूस, झाला की मात्र मी कान टवकारतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्या, आता त्या चुका करणारी माणसं स्वतःच निवडून आणायची!

यात इटलीच्या मॉर्गन डी सांक्तिसचं प्रकरण सर्वांत रंगतदार. 2007 साली तो उदिनेझे या इटालियन क्लबचा मुख्य गोलकीपर होता, करार 2010 पर्यंतचा. फिफाच्या नियमांत कलम 17 आहे. कराराची ठरावीक वर्षं भरली की खेळाडू भरपाई देऊन तो एकतर्फी मोडू शकतो. स्कॉटलंडचा अँडी वेबस्टर आदल्याच वर्षी या वाटेने गेला होता. डी सांक्तिसही त्याच वाटेने निघाला आणि थेट स्पेनमध्ये सेविया क्लबात पोचला. उदिनेझेने अर्थातच दाद मागितली. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि 2011 मध्ये भरपाई ठरली, साधारण साडेबावीस लाख युरो. एवढा खटाटोप करून सेवियात मिळालं काय? आंद्रेस पालोप गोलमध्ये आणि हा बाकावर.

पुढे गलातासराय, मग नापोली. 2012 चा इटालियन कप तिथलाच. 2013 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, वॉल्टर साबातिनी नावाच्या स्पोर्टिंग डायरेक्टरने त्याला रोमा क्लबात आणलं. या वयाच्या गोलकीपरवर पैसे घालायला छाती लागते. रोमाने लीगचे पहिले दहाही सामने जिंकले, त्यात गोल खाल्ला फक्त एक.

हातमोजे उतरवल्यावर काही वर्षं रोमाच्याच कार्यालयात उमेदवारी केली, आणि 2022 मध्ये सालेर्निताना क्लबच्या स्पोर्टिंग डायरेक्टरची खुर्ची मिळाली. तिथून नुकतेच उठले होते कोण? साबातिनी! क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जाता जाता वाचला होता. ज्याने कधी करार मोडला, तोच आता इतरांपुढे कराराचे कागद सरकवणार होता. (प्रत्येक सहीच्या वेळी त्याला कलम 17 आठवत असेल, अशी माझी आपली समजूत.) पहिल्याच हंगामात गोलकीपर जखमी झाला, तेव्हा त्याने मेक्सिकोचा गियेर्मो ओचोआ आणला, वय सदतीस. जाणकाराची निवड, साबातिनींचाच धडा म्हणा ना. जानेवारी 2023 मध्ये अटलांटाने त्याच ओचोआवर आठ गोल चढवले. अध्यक्षांनी कोचला काढलं आणि दोन दिवसांत परत बोलावलं. तरीही त्या वर्षी संघ टिकला.

पुढच्या हंगामात मात्र घसरगुंडी थांबेना. डिसेंबर 2023 मध्ये डी सांक्तिस गेला आणि त्याच्या जागी परत आले साबातिनी. पण या खेपेला त्यांचीही जादू चालली नाही. वीस संघांच्या लीगमध्ये सालेर्नितानाने विसावा नंबर पटकावला.