आत्याची वही आणि वर्तुळांचं माप

हर्णैच्या बंदरावर माझी आत्या लिलावात मासळी घेते आणि आसपासच्या गावांत विकते. तिच्या जोडीला आणखी चौघी आहेत. कोणी कुठल्या गावात किती किलो विकलं, हे आत्या वहीत लिहून ठेवते. १ जूनला मासेमारी बंद झाली, बंदर शांत झालं, तेव्हा त्या वह्या मी कॉम्प्युटरवर उतरवायला बसले. बायका आणि गावं हे नोड, म्हणजे चित्रातली वर्तुळं; विक्री ही त्यांना जोडणारी रेघ. रेघेला ‘वेट’ द्यायचं ते इथे खरोखरच वजन होतं, किलोमधलं.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अशी जाळी मांडायला नेटवर्कएक्स हे साधन आहे. त्यात पहिलं चित्र काढलं, तर दापोली आणि आंजर्लं एकाच मापाची! दोन्हीकडे पाचही जणी जातात आणि मी नुसती डिग्री घेतली होती, म्हणजे रेघा मोजल्या होत्या. डिग्रीला वेट सांगितल्यावर किलोंची बेरीज आली. मे महिन्यात दापोली ३६०, आंजर्लं ४०. ते आकडे तसेच वर्तुळाचं माप ठरवणाऱ्या नोड_साइझला दिले आणि चित्र पटलं.

आत्याला मोबाइलवर बोटाने हलवून बघता यावं म्हणून मग पायव्हिस हे पायथनचंच दुसरं साधन घेतलं. आकडे दहाने भागून साइझमध्ये घातले. दापोलीचा भोपळा झाला, आंजर्लं तिळाएवढं.

आत्या बघतच राहिली. “अगो, आंजर्ल्यात एवढंसंच विकतो होय आम्ही? बुधवार-रविवार पाटी रिकामी करून येते मी.”

मला ते फार लागलं. तिच्या पायपिटीचा हिशेब मी खोटा मांडला होता, आकडे बरोबर असूनही.

रात्री उलगडा झाला. नेटवर्कएक्स चित्र मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या साधनाकडून काढून घेतं आणि तिथे नोडचं माप म्हणजे क्षेत्रफळ. पायव्हिसमध्ये ठिपक्याचं साइझ म्हणजे त्रिज्या. त्रिज्या ९ पट केली की क्षेत्रफळ ८१ पट होतं आणि डोळा बघतो ते क्षेत्रफळच. साइझऐवजी पायव्हिसचं ‘व्हॅल्यू’ वापरून बघितलं, पण ते मूळ सेटिंगमध्ये सगळ्यात लहान नोडला १० आणि मोठ्याला ३० देऊन बाकीचे मधे बसवतं, मग किलो कितीही असोत. ते मला नको होतं. शेवटी प्रत्येक बेरजेचं वर्गमूळ काढलं, सगळ्यांना एकाच आकड्याने गुणलं आणि तेच साइझला दिलं. दापोलीची त्रिज्या आंजर्ल्याच्या बरोबर तिप्पट.

“तिप्पट कशी? माल तर नऊपट!” आत्याने लगेच पकडलं.

मग खोक्याचा पुठ्ठा घेतला. १५ सेंटिमीटर त्रिज्येची एक चकती कापली, ५ सेंटिमीटरच्या नऊ. आत्याने स्वतःचा तराजू काढला, एका पारड्यात मोठी ठेवली, दुसऱ्यात एकेक करून लहान टाकत गेली. नववी पडली तेव्हा काटा मधोमध आला.

“आता आंजर्लं बरोबर आहे,” ती म्हणाली आणि मोबाइल मागितला.