सेव्ह केलं म्हणजे ठेवलं कुठे?

काकांनी पहिल्याच दिवशी मला अडकवलं. मी त्यांना ‘सेव्ह’ शिकवत होतो. हे बटण दाबायचं, फाईलला नाव द्यायचं, झालं. त्यांनी बटण दाबलं, नाव दिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “बरं. मग ठेवलं कुठे?”

“कॉम्प्युटरमध्ये.”

“अरे हो, पण कॉम्प्युटरमध्ये कुठे?”

“सी ड्राइव्हवर, डॉक्युमेंट्स नावाच्या फोल्डरमध्ये.”

“आणि ए, बी कुठे गेले?”

इतकी वर्षं मी सी ड्राइव्ह वापरतोय. ए आणि बी यांची विचारपूस करावी असं मला कधी सुचलं नव्हतं. तसे ते दोघं होते. पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरांना फ्लॉपीचे, म्हणजे फाईली साठवायच्या काढघालीच्या चकतीचे, दोन खण असत, त्यांना ए आणि बी म्हणत. हार्ड डिस्क मागून आली, तिला सी मिळालं. फ्लॉप्या गेल्या, पण त्यांची अक्षरं कोणी घेतली नाहीत. एवढंच नाही, ज्या बटणावर काकांनी आत्ता टिचकी मारली त्याच्यावरचं चौकोनी चित्रही फ्लॉपीचंच. तिच्यात १.४४ एमबी मावायचं. आजच्या फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा बहुधा मावणार नाही.

“म्हणजे माणूस गेला, पाटी दारावर तशीच,” काका म्हणाले आणि वहीत लिहू लागले.

ही वही म्हणजे काकांची अट होती. “पाठ झाल्याशिवाय मी हात लावणार नाही.” दोन रकाने आखलेले: शब्द आणि अर्थ. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवण्यात घालवला. पुढे छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि काका घरी आले. मधली तीस-पस्तीस वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आता कधीतरी सलोखा करावा असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि मध्यस्थ म्हणून मी.

मला त्यांची वही पाहून माझीच वही आठवली. शाळेत संगणकाच्या तासाला आम्हाला व्याख्या सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. सीपीयू हा संगणकाचा मेंदू होय, असं म्हणून सर टेबलाखालच्या पत्र्याच्या खोक्यावर थाप मारायचे. मेंदू आत कुठेतरी पंख्याखाली दडलेली एक चिप असते, आणि आपण कवटीलाच मेंदू म्हणतोय, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. रॅम आणि रॉम यांची लांबलचक नावं मला तोंडपाठ होती, मार्कही मिळाले. पण रॅम मला खऱ्या अर्थाने कळली ती एका दुपारी. दहा पानं टाइप करून झाली होती, सेव्ह करायचं राहिलं होतं आणि वीज गेली. विजेसकट पानंही गेली. ‘तात्पुरती स्मृती’ ही व्याख्या त्या दिवशी माझ्या पोटात गेली.

काकांना मात्र अर्थाआधी वेगळीच अडचण आली. वहीत तिसरा रकाना आखून त्यांनी वर लिहिलं: लिंग.

“फाईल ती. लिंक ती. पासवर्ड तो. ॲप ते. हे ठरवतं कोण?”

कोण ठरवतं? कोणीच नाही, आणि तरी ठरतं. नवा शब्द आपल्या बोलण्यात आला की आठ-पंधरा दिवसांत त्याला तो, ती किंवा ते यांपैकी काहीतरी चिकटतं, आणि मग बदलायची सोय नाही. ‘माझा लिंक पाठवला’ असं कोणी म्हटलं की दाताखाली खडा येतो. काही शब्द मात्र अजून लटकलेले आहेत. ‘ईमेल’चं घ्या. तो आला, ती आली आणि ते आलं, असं तिन्ही मी एकाच दिवसात ऐकलंय. ‘पोस्ट’ तर दोन संसार करते: पत्रं वाटतं ते पोस्ट, आणि भिंतीवर लिहितात ती पोस्ट. काकांनी ईमेलसमोर प्रश्नचिन्ह काढलं. ते अजून तिथेच आहे.

क्रियापदांनी त्यांना जास्त त्रास दिला. एंटर मार. रिफ्रेश मार. सर्च मारून बघ. स्क्रीनशॉट मार आणि फॉरवर्ड मारून दे. अर्ध्या तासात मी हे सगळं बोलून गेलो होतो. काका म्हणाले, “एवढी मारामारी करून शेवटी फाईल उडालीच ना?” माझं म्हणणं असं की शब्द इंग्रजीतून येवो की कुठूनही, मराठी क्रियापद जोडलं की तो आपल्या घरचा होतो. फोटो ‘टाकला’, नेट ‘गेलं’, फोन ‘लागत नाही’. यातलं एकही वाक्य भाषांतर करून तयार झालेलं नाही.

घडवलेल्या शब्दांवर मात्र आमचं एकमत नाही. काकांना ‘धारिका’ आवडते, मला फाईल पुरते. ‘विदा’ म्हणजे डेटा, हे मला दर वेळी नव्याने आठवावं लागतं. ‘दुवा’ म्हणजे लिंक, त्याने तर गोंधळच केला. “मला त्या लेखाचा दुवा पाठव” असा निरोप मी काकांदेखत वाचला, तेव्हा त्यांना वाटलं कोणी आशीर्वाद मागतंय. एका शब्दावर मात्र दोघांनी माना डोलावल्या: परवलीचा शब्द. पहाऱ्यावरचा शिपाई अंधारात येणाऱ्याला अडवून जो शब्द विचारायचा, तो. पासवर्ड दुसरं काय करतो? इथे नवा शब्द घडवावाच लागला नाही.

मग मी उत्साहाने त्यांना शब्दांच्या जन्मकथा सांगायला लागलो. माउसचं पहिलं कवच लाकडी होतं. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून ते १९६४ साली तयार झालं आणि तारेची शेपटी होती म्हणून नाव उंदराचं पडलं. (आता शेपटीही गेली. फ्लॉपीचीच गत.) बगची गोष्ट त्यांना जास्त भावली. हार्वर्डचा मार्क २ नावाचा कॉम्प्युटर ९ सप्टेंबर १९४७ ला नीट चालेना, तेव्हा आतल्या एका रिलेमध्ये, म्हणजे विजेवर उघडमीट होणाऱ्या स्विचमध्ये, पतंग नावाचा किडा अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली लिहिलं की बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना. बग हा शब्द तेव्हापासून आला असं सर्रास सांगतात, पण एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रात यंत्रातल्या खोडीला तो हेच म्हणतो.

“म्हणजे त्या वहीतली नोंद ही थट्टा होती,” काका म्हणाले. “शब्द आधीचा, किडा नंतर आला.” प्रुफं तपासणारे कसे जवळून बघतात ते मला माहीत होतं, तरी मी चपापलो.

खरी गंमत पुढे झाली. पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये एके ठिकाणी ओळींमधलं अंतर कमी-जास्त करायची सोय असते. तो शब्द मी वाचला, “लीडिंग.”

“लेडिंग,” काका शांतपणे म्हणाले. “लेड म्हणजे शिसं. दोन ओळींच्या मधे शिशाच्या पट्ट्या घालायचो आम्ही. ओळी मोकळ्या हव्या असल्या की जाड पट्टी.” त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक न दिसणारी पट्टी धरून दाखवली.

त्यानंतर शिकवणीची दिशाच बदलली. अपर केस आणि लोअर केस का म्हणतात? इंग्रजी खिळ्यांच्या दोन पेट्या असत. मोठी अक्षरं वरच्या पेटीत आणि लहान खालच्या. फॉन्ट म्हणजे काय? ओतकामातला शब्द; एका घाटाच्या, एका मापाच्या खिळ्यांचा संच. “तू ज्याला फॉन्ट म्हणतोस तो फॉन्टांचा अख्खा खानदान आहे.” १२ पॉइंट? छपाईच्या मापात एक पायका. कट-पेस्ट? त्यांच्या टेबलावर कात्री आणि खळ होती, ते ऐकवत होते. कॉम्प्युटरवर कट, कॉपी, पेस्ट आणणारे लॅरी टेसलर हे १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत होते, ही माहिती मी घाईघाईने पुढे केली. निदान एक तरी भर माझी.

मग त्यांनी खणातून आपली पोलादी पट्टी काढली आणि पडद्यावर, पानाच्या माथ्यावर दिसणाऱ्या फुटपट्टीवर ठेवली. पडद्यावरचा इंच त्यांच्या इंचापेक्षा मोठा भरला. काकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते नेमकं काय होतं? राग नसावा, एखाद्या दुकानदाराचा काटा खोटा निघाल्यावर जे वाटतं ते. मी पिक्सेल समजावून सांगितला. पिक्चर आणि एलिमेंट मिळून पिक्सेल, चित्राचा सगळ्यात लहान ठिपका. ७२ पॉइंटांचा एक इंच, त्याचे कॉम्प्युटर धरतो ९६ पिक्सेल, पण पिक्सेल केवढा हे ज्याचा त्याचा पडदा ठरवतो. “माप ठरलेलं नाही, तर मग ते माप कसलं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत पिक्सेलसमोर त्यांनी लिहिलं: ठिपका. विश्वास ठेवू नये.

बाइटवर मात्र ते खूश झाले. बिट हा शब्द क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या निबंधातून छापून आला, सुचवला होता जॉन ट्युकी यांनी. बाइट १९५६ साली आयबीएममधल्या वर्नर बुखहोल्ट्झ यांनी बसवला. इंग्रजीत घास या अर्थाचा शब्द, पण स्पेलिंग मुद्दाम बदललं, कारण शेवटचं अक्षर गळलं तर बाइटचा बिट व्हायचा. मुद्राराक्षसाला घाबरून शब्द बदलणारा माणूस काकांना लगेच आपल्यातला वाटला.

आता आपली अक्षरं किती बाइटची? मी ‘क्ष’ टाइप केला. त्यांच्या खिळ्यांत क्ष एकसंध, एका तुकड्याचा. मी बॅकस्पेस एकदाच दाबलं. क्ष पुसला गेला नाही. तिथे पाय मोडलेला क् उरला. काका पुढे वाकले. “परत कर.” परत केलं. कॉम्प्युटरच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष, अशी तीन चिन्हं. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलाय, आणि साठवायच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे क्ष झाला ९ बाइटचा. इंग्रजी अक्षर एकाच बाइटमध्ये बसतं. काकांनी लगेच बोटं मोजली. “संगणक: स, अनुस्वार, ग, ण, क. १५. आणि तुझा कॉम्प्युटर?” मोजला. दहा चिन्हं, ३०. निम्म्यात काम होतंय हे त्यांनी मला पुढचे चार दिवस ऐकवलं.

समाजमाध्यमांचे शब्द आम्ही भराभर उरकले, कारण तिथे काकांना फारसं काही लिहावंसं वाटलं नाही. स्टोरी म्हणजे जिच्यात गोष्ट नसते आणि जी २४ तासांत जाते. व्हायरस आला तर माणूस घाबरतो, व्हायरल झालं तर पेढे मागतो. फीड म्हणजे गुरांपुढे टाकतात ती वैरण. हा अर्थ कळल्यापासून मला बोट वर सरकवताना जरा लाजच वाटते. फुटेज हा शब्द मात्र त्यांनी नीट लिहून घेतला. फिल्म फुटांत मोजायचे म्हणून फुटेज. ३५ मिमीच्या फिल्मचे एका मिनिटाला ९० फूट लागत. आता ना फिल्म आहे ना फूट, आणि मराठीत आपणही ‘चित्रफीत’ म्हणतोच की. त्यातली फीत कोणी शेवटची पाहिली?

सगळ्यात शेवटी आलं अनडू. काकांनी पानभर मजकूर टाइप केला होता, एका बोटाने, दोन दिवस खपून. कसा कोण जाणे, सगळा मजकूर निवडला गेला, त्यांचं बोट कुठल्यातरी अक्षरावर पडलं आणि पान कोरं. पडद्यावर एकटा ‘ग’. काकांचे हात कळफलकावरून उचलले गेले आणि हवेतच राहिले. ते पूर्वी एकदा बोलले होते: जुळवलेलं अख्खं पान मशीनकडे नेताना त्यांच्या हातून सुटलं होतं. खिळे फरशीवर सगळीकडे. ते वेचून, पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकून, पुन्हा पहिल्यापासून जुळवायला रात्र गेली होती.

“काका, कंट्रोल दाबून धरा. आता झेड.”

पान परत आलं. अनुस्वारासकट.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच सगळं पान निवडलं, पुसलं, आणि परत आणलं. पुन्हा पुसलं. पुन्हा आणलं. वही उघडीच होती, पण त्यांनी पेन उचललं नाही.

“हे कधीपर्यंत चालतं?” त्यांनी विचारलं.

“साधारण फाईल बंद करेपर्यंत.”

त्या रात्री काकांनी फाईल बंद केली नाही.